पहिलं बाळ चार किलोचं, दुसरं घरी?

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. घरात कुणी अवघडलेली असेल तर तिला आणि तिच्या सासूला, दोघींना वाचून दाखवा.

मागच्या आठवड्यात एका ताईंचा फोन आला. त्या आपलं पेज नेहमी वाचतात. माहेर आपल्या माणदेशातलं, सासर पुण्याकडचं. सातवा महिना चालू आहे. पहिलं बाळ तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात झालं, वजन चार किलो शंभर ग्रॅम. "दादा, तेव्हा जे सोसलं ते पुन्हा नको. आयाबायांनी अंगावर ओरडणं, एक जण तर पोटावर चढून दाबत होती. टाके दोन महिने दुखत होते. ह्या वेळी माहेरी, घरीच करायचं म्हणते. माझी आजी सुईण होती. तिने गावातली अर्धी माणसं जन्माला घातली. तुम्ही जुन्या गोष्टींवर लिहिता, तर ह्यावर लिहा की, पूर्वी घरी कसं व्हायचं आणि मोठं बाळ असलं तर काय करायच्या?"

मी डॉक्टर नाही. डिप्लोमा पत्रकारितेचा आहे, सुईणपणाचा नाही. पण प्रश्न इतिहासाचा विचारलाय, म्हणून जेवढं वाचलं आणि जुन्या बायांना विचारलं तेवढं लिहितो.

सुरुवात तराजूपासून करू. आमच्या थोरल्या चुलतीचं दुसरं पोर "पाच किलोचं" होतं, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. यंदा तिला विचारलं, काकू, वजन कुणी केलं होतं? ती हसायला लागली. "वजन कशाला करतोय, आत्तीनं हातात धरून सांगितलं की पायलीभर आहे म्हणून." घरच्या बाळंतपणात बाळाचं वजन करायची रीतच नव्हती. उलट दृष्ट लागेल म्हणून मोजमाप नकोच असायचं. नर्सबाईच्या पिशवीतला स्प्रिंगचा काटा आणि झोळी गावात आली तेव्हा वजन हा आकडा घरात आला. म्हणजे "पूर्वी मोठमोठी पोरं घरीच व्हायची" असं आपण म्हणतो, ते मोठं म्हणजे किती, हे कुणालाच माहीत नाही.

जिथे मोजलं तिथला आकडा वेगळंच सांगतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही आत भरलं. ही आपल्या शेजारच्याच मुलखातली, शेतात राबणाऱ्या आयांची बाळं. त्यांच्यात चार किलोचं बाळ म्हणजे नवलच. तेव्हा आजीने शेकडो बाळंतपणं केली हे खरं असेल, पण त्यात ताईंच्या पहिल्या बाळाएवढी किती होती हा प्रश्न उरतोच. आणि आठवणींचं एक असतं. जी सुटली तिची गोष्ट नातवंडांपर्यंत येते. जी अडली आणि गेली तिच्या जागी वर्षाच्या आत दुसरी बायको यायची, आणि पहिलीचं नावही घरात कुणी घेत नसे. आपल्याकडे किती जणांची आजी "सावत्र" होती, एकदा मोजून बघा.

म्हणून सुईणीला कमी लेखायचं नाही. तिच्या हातात विद्या होती. पोटावरून हात फिरवून आडवं की पायाळू हे ती सांगायची. कळा येणारीला चालवायची, गरम पाणी पाजायची, घाई करायची नाही. बाई उकिडवी बसायची, आढ्याला बांधलेला दोर नाहीतर खांब धरायची, मागून दुसरी बाई आधार द्यायची. ओळखीची माणसं, ओळखीची खोली, अंगावर ओरडणारं कुणी नाही. ताईंना हवंय ते हेच, आणि त्यात चुकीचं काय आहे?

पण त्याच खोलीत दुसरंही घडत होतं. नाळ विळ्याने नाहीतर जुन्या ब्लेडने कापली जायची, वर राख किंवा शेण. त्यातून धनुर्वात, आणि तो झाला की लोक म्हणायचे सटवाईने नेलं. सुईण अनेक गावांत गावकुसाबाहेरची असायची. बाळंतपणाला तिचे हात चालायचे, पाण्याचा तांब्या मात्र वेगळा ठेवायचे. अशा बाईला शिकवायला, तिच्याकडून शिकायला कोण जाणार होतं?

कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, आणि बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला शिकल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. विषय उगाच निवडला नसणार. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली होती, पण रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. वय बावीससुद्धा नाही. त्याच सुमारास, १८८५ साली, लेडी डफरिन यांच्या नावाचा फंड निघाला, १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल उघडलं. पुढे १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी सुईणींना शिकवण्यासाठी वेगळा निधी काढला. हे सगळं शहरांपुरतं. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशात हजार जन्मांमागे सुमारे वीस माता मरत होत्या. आजच्या भाषेत लाखामागे दोन हजार. महाराष्ट्राचा २०१८ ते २०२० चा आकडा लाखामागे ३३ आहे. एवढा फरक पडलाय. ह्या फरकात दवाखान्याबरोबर लसी, रक्तपेढ्या, रस्ते, मुलींचं वाढलेलं लग्नाचं वय, कमी झालेली बाळंतपणं सगळं आलं, पण दवाखाना वगळून तो आकडा सांगता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने सुईणीला आधी जवळ केलं आणि मग बाजूला सारलं. सत्तरच्या दशकात तिला प्रशिक्षण मिळालं, पुढे किट मिळालं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, नाळेवर काही लावायचं नाही. नंतर जगभर धोरण फिरलं. गुंतागुंत झाली तर तिला काही करता येत नाही, म्हणून बाई दवाखान्यातच आली पाहिजे असं ठरलं. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. १९९२-९३ मध्ये देशात चारातली एकच बाई दवाखान्यात बाळंत होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत दहातल्या नऊ जणी, आणि महाराष्ट्रात शंभरात सुमारे ९५. पंचवीस-तीस वर्षांत एवढा बदल दुसऱ्या कुठल्या बाबतीत झालाय? पण बायका आल्या तेवढ्या वेगाने खाटा, नर्सा आणि माणुसकी वाढली नाही. ताईंचा फोन हा त्याचाच पुरावा.

आता मोठ्या बाळाकडे येतो.

मोठ्या बाळाची खरी भीती डोक्याची नसते. डोकं येतं, घरातले सुटकेचा श्वास सोडतात, आणि तिथेच खांदा आईच्या पुढच्या हाडामागे अडकतो. डॉक्टर ह्याला शोल्डर डिस्टोशिया म्हणतात. डोकं बाहेर, छाती आत आवळलेली, बाळाला श्वास घेता येत नाही. साधारण पाच मिनिटांत मोकळं झालं तर बहुतेक बाळं सुखरूप असतात, पुढे प्रत्येक मिनिट मेंदूवर जातं. घाबरून मान ओढली तर हाताच्या शिरा दुखावतात आणि पोराचा हात लुळा राहू शकतो. एकूण बाळंतपणांत हे शंभरातल्या एकीलाही होत नाही. पण आधीच्या वेळी एकदा झालं असेल तर पुन्हा होण्याची शक्यता बरीच जास्त. आणि कुणाला होणार हे आधी नीट कळत नाही. ब्रिटनच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत म्हटलंय की अशी जवळजवळ निम्मी बाळं चार किलोच्या आतलीच असतात. सोनोग्राफीतलं वजनही दहा टक्के इकडे तिकडे होतं. चार किलो सांगितलेलं ३.६ निघू शकतं आणि ४.४ सुद्धा.

अशा वेळी काय करायचं? आईच्या दोन्ही मांड्या पोटाकडे घट्ट दुमडायच्या, म्हणजे कमरेचं हाड फिरून वाट मोकळी होते. अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. मॅकरॉबर्ट्स हे करत, १९८३ मध्ये त्यांच्या नावाने ते छापून आलं. दुसऱ्या माणसाने ओटीपोटावर, हाडाच्या लगेच वर दाब द्यायचा. वरून, बेंबीच्या वरच्या बाजूने दाबायचं नाही, त्याने खांदा आणखी रुततो. ताई सांगतात तसं "पोटावर चढून" दाबणं आपल्याकडे सुईणीही करायच्या आणि दवाखान्यातही अजून होतं. चूक दोन्हीकडची.

आणखी एक उपाय आहे, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९७१ मध्ये काही तरुण जोडप्यांनी 'द फार्म' नावाची वसाहत वसवली. तिथल्या आयना मे गास्किन घरी बाळंतपणं करू लागल्या. डॉक्टरी शिक्षण नाही, शिकत शिकत झालेल्या सुईण. १९७६ मध्ये त्यांना एक युक्ती कळली. खांदा अडकला तर बाईला पटकन हातापायांवर, ओणवं करायचं. बेलीझमधल्या एका सुईणीने ती सांगितली, आणि तिला ती ग्वाटेमालातल्या आदिवासी बायांकडून कळली होती. १९९८ मध्ये ८२ बाळंतपणांचा हिशेब वैद्यकीय मासिकात छापून आला, आणि आता डॉक्टरी पुस्तकांत ही युक्ती गास्किनबाईंच्या नावाने आहे. त्या ग्वाटेमालातल्या बाईचं नाव कुठेच नाही. आपल्या आज्ज्याही उकिडव्या, ओणव्या व्हायच्या. आपण त्यांना उठवून टेबलावर उताणं झोपवलं. ह्या बाबतीत आजी बरोबर होती हे कबूल करायला हवं.

मात्र गास्किनबाईंच्या मागे काय होतं ते बघा. त्यांनी प्रत्येक बाळंतपणाची नोंद ठेवली. अडचण आली तर गाठायला डॉक्टर आणि दवाखाना होता. ताईंच्या माहेरी ह्यातलं काय आहे? आजी वारली. तिची विद्या कुणी घेतली नाही. घरी ज्या बाया हजर असतील त्यांनी स्वतःची बाळंतपणं केली असतील, दुसऱ्याचं नाही.

आता साखर. १९२० च्या दशकात इन्सुलिन आलं, त्याआधी मधुमेही बाई आई होणं हेच दुर्मीळ होतं. ते आल्यावर अशा आयांना बाळं होऊ लागली, आणि ती धष्टपुष्ट, मोठी निघू लागली. का? डेन्मार्कच्या यॉर्गन पेडरसन यांनी पन्नासच्या दशकात उलगडा मांडला. आईची जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि चरबी साठवतं. अशा बाळाचे खांदे आणि धड डोक्याच्या मानाने रुंद होतात. म्हणून एकाच वजनाच्या दोन बाळांत साखरेवालीचं बाळ अडकण्याचा धोका जास्त. आपल्याकडे चार किलोचं बाळ झालं तर सगळे पेढे वाटतात, आईची साखर कुणी विचारत नाही. मोठी बाळं उंच आईबापांची, दिवस उलटलेली, नुसती निरोगीही असतात. पण आधी मोठं बाळ झालंय हे साखर तपासायला पुरेसं कारण आहे. तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं, १४० किंवा वर आलं तर उपचार सुरू. सरकारी दवाखान्यात ही मोफत असते. पहिल्या भेटीत एकदा आणि सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा. ताईंनी पहिल्या खेपेला केली होती का? "आठवत नाही." ह्या खेपेला? "एकदा केली होती बहुतेक."

ह्याला जोडून घरच्या रीतीतली एक गोष्ट. साखरवाल्या आईचं मोठं बाळ जन्मलं की त्याची साखर पहिल्या काही तासांत एकदम खाली येऊ शकते, कारण आईकडून येणारी थांबते आणि त्याचं इन्सुलिन चालूच असतं. त्याला लगेच अंगावर पाजायला हवं, रक्त तपासायला हवं. आणि आपल्याकडे रीत काय? चीक पिळून टाकायचा, तिसऱ्या दिवशी पाजायचं, तोवर मधाचं बोट. लहान बाळांपैकी काहींनी ते कसंबसं सोसलं असेल. असल्या मोठ्या बाळाला, जे दिसायला सगळ्यात दणकट असतं, तेच सगळ्यात महाग पडतं.

तिसरं म्हणजे रक्त. मोठ्या बाळाने ताणलेली पिशवी नंतर लवकर आवळत नाही. त्या वेळी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लागतं, जे थंड जागेत ठेवावं लागतं, आणि ते पुरलं नाही तर रक्ताची बाटली. जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुपूरला एका तरुणीचा घरच्या बाळंतपणात अतिरक्तस्रावाने मृत्यू झाला. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून केलं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. बाळ वाचलं. ते तिचं दुसरं बाळ होतं. आपल्या वाडीवरून रक्त मिळेल अशा दवाखान्यापर्यंत किती वेळ लागतो, हे दिवसा नको, पावसाळ्यातल्या रात्री मोजा. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे आणि तिने अनेक जीव वाचवलेत, पण ती येणार आणि मग जाणार, दोन्ही वेळ धरावे लागतात.

"मग परदेशात कसं करतात घरी?" ताईंनी बरोबर विचारलं. नेदरलँड्समध्ये नव्वदच्या दशकात तिसरा हिस्सा बायका घरीच बाळंत व्हायच्या, आता प्रमाण बरंच उतरलंय. इंग्लंडमध्ये १९७० मध्ये पील समितीने सगळी बाळंतपणं दवाखान्यात व्हावीत असं सुचवलं, मग वीसेक वर्षांनी धोरण पुन्हा बाईच्या निवडीकडे वळलं. २०११ मध्ये तिथे चौसष्ट हजारांवर बायांचा अभ्यास झाला. धोका कमी असलेल्या आणि आधी बाळंतपण झालेल्या बाईला घर आणि दवाखाना ह्यात बाळाच्या दृष्टीने फारसा फरक दिसला नाही. पण "धोका कमी" ह्यातच सगळं आहे. त्यांच्या यादीत आधी खांदा अडकलेला असेल तर दवाखानाच सुचवतात. आधीचं बाळ साडेचार किलोच्या वर असेल तर त्या बाईचा वेगळा विचार करून ठरवतात. शिवाय घरी येते ती पदवीधर मिडवाइफ, पिशवीत इंजेक्शन, ऑक्सिजन, आणि पाठीशी ॲम्ब्युलन्स. तिथलं घर हे दवाखान्याचं एक टोक असतं. आपल्याकडे तसं टोक नाही. मिडवाइफ तयार करायचं धोरण केंद्राने २०१८ मध्ये आणलं खरं, पण माणदेशात मी अजून एकही पाहिलेली नाही.

आणि दवाखान्यात सगळं आलबेल असतं असंही नाही. स्कॉटलंडमधल्या नदीन माँटगोमेरी मधुमेही होत्या, चणीने लहान. १९९९ मध्ये बाळंत झाल्या. खांदा अडकण्याचा धोका शंभरात नऊ-दहा आहे हे डॉक्टरीणबाईंना माहीत होतं, पण सांगितलं तर ही सिझर मागेल म्हणून सांगितलंच नाही. डोकं आणि धड ह्यात बारा मिनिटं गेली. मुलगा कायमचा अपंग झाला. बरीच वर्षं लढून २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या. डॉक्टरला काय महत्त्वाचं वाटतं ते पुरे नाही, त्या बाईला काय महत्त्वाचं वाटेल ते सांगितलंच पाहिजे, असा तो निकाल.

मी ताईंना एवढंच म्हणालो की माझं मत विचाराल तर घरी नको. का, ते वर लिहिलंय. पण दवाखान्यात गेलात म्हणजे तोंड बंद ठेवायचं असं नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत घरची एक बाई सोबत राहू शकते, २०१६ पासून केंद्राचं तसं धोरण आहे. आईला आत घ्या. उताणं नको, कुशीवर किंवा बसून चालेल का, ते आधी विचारून ठेवा. पोटावरून दाबू नका, हे आठव्या महिन्यातच डॉक्टरांना सांगा. वेळ आली तर खांद्यासाठी काय कराल, असंही विचारा. जे डॉक्टर न चिडता उत्तर देतील तिथे जा.

ताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादा, गेल्या वेळी खांदा अडकला होता का, हेच मला माहीत नाही. डोकं आल्यावर सगळ्या एकदम ओरडायला लागल्या, एवढं आठवतंय."

मी त्यांना डिस्चार्ज कार्ड शोधायला सांगितलं. परवा त्यांनी फोटो पाठवला. नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, वजन ४.१, टाके घातले. बाकी ओळी कोऱ्या. आता त्यांचे मिस्टर त्या दवाखान्यात जाऊन जुने कागद मागणार आहेत. साखरेची तपासणी गुरुवारी आहे. त्यांची परवानगी असेल तर पुढचं इथेच लिहीन.

तोवर एक विनंती. तुमच्या गावात सुईण होती का? तिचं नाव, गाव, आणि तिच्याबद्दल घरात काय सांगतात ते मला मेसेज करा. अडलेल्या बाळंतपणांच्या गोष्टीही पाठवा, ज्या घरात कुणी सांगत नाही त्या.

(छापताना घरच्यांची परवानगी घेईन. फोनवर वैद्यकीय सल्ला विचारू नका, तो आपला प्रांत नाही.)